घोट्यापर्यंतची ओळख

धापूकंवरने आपल्या थोरल्या दिरांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. घर एक, अंगण एक, पाण्याचं टाकं एक. पण खारियाबासच्या राजपूत घरांत सून जेठापुढे छातीपर्यंत घुंगट ओढते आणि त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. त्यामुळे जेठसा म्हणजे धापूच्या लेखी दोन पाय आणि एक खोकला. गावातल्या बाकीच्या वडीलधाऱ्यांशीही तिची ओळख घोट्यापर्यंतच होती. पण जेठसांचे पाय तिला तोंडपाठ होते. डाव्या पायाचं अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं, त्यामुळे डावी मोजडी दर पाच-सहा महिन्यांनी नेमकी तिथेच उसवायची. गावचा मोची सुरतेला गेल्यापासून ती शिवायचं काम धापूकडे आलं होतं. मागच्या खेपेला तपकिरी दोरा संपला म्हणून तिने हिरव्या दोऱ्याने टाके घातले होते. जेठसांनी त्यावर तक्रार केली नव्हती. करणार कशी? बोलायचं नव्हतं ना.

अगदीच नाइलाज झाला तर मध्ये कुणीतरी लागायचं. घरात पोर असेल तर पोर, नाहीतर भिंत. एकदा छपरातून साप लोंबायला लागला तेव्हा धापू दाराआडून म्हणाली होती, "हे भिंती, जेठसांना सांग, डोक्यावर साप आहे."

जेठसा जागचे न हलता म्हणाले होते, "भिंती, बीनणीला विचार, काळा की पिवळा?"

सुनेला त्यांच्याकडे बीनणी म्हणतात. भिंतीमार्फत रंगाचा निकाल लागेपर्यंत साप कंटाळून निघून गेला.

धापू या नावाचा अर्थ 'पुरे झालं'. चार मुलींवर ती पाचवी झाली तेव्हा बापाने देवाला धाडलेला हा निरोप होता. देवाने तो वाचला नसावा, कारण पुढच्या वर्षी सहावी झाली, आणि तिचं नाव काय ठेवायचं यावर घरात आठवडाभर कुणी कुणाशी बोललं नाही. धापूला स्वतःला मात्र एकच मुलगी, उगम. आणि आत्ता सगळा प्रश्न या उगमचा होता.

रतनसरजवळच्या वाळूत केसरनिवास नावाचा जुना महाल आहे. राजेरजवाडे गेले, महालाचं हॉटेल झालं. त्या हॉटेलाने आसपासच्या मुलींसाठी स्वयंपाकघरातलं दोन वर्षांचं शिक्षण काढलं होतं: पाव, बिस्किटं, केक. दीडशे मुलींतून आठ निवडल्या, त्यांत उगम. पत्राबरोबर एक फॉर्म होता, त्यावर पालकाची सही हवी होती. आणि या घरात पालक म्हणजे अर्थातच जेठसा, खंगारसिंह. त्यातून ते स्वतः केसरनिवासचेच मॅनेजर! वीस वर्षांपासून. महिन्यातून दोन दिवस घरी यायचे, ओसरीवरच्या एकुलत्या एका खुर्चीत बसायचे, गावातले तंटे मिटवायचे आणि हॉटेलातले बोटाएवढे साबण वाटायचे. मॅनेजर साहेबांच्या हातचा साबण म्हणून लोक तो वापरत नसत, जपून ठेवत.

तर या मॅनेजर साहेबांनी फॉर्म नुसता लांबून बघितला आणि म्हणाले, "घराण्यातली मुलगी हॉटेलात? मला विचारा ना, तिथे काय चालतं! जमणार नाही."

विषय संपला. उगम दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी धापूने नवऱ्याला गाठलं. मगसिंह पाण्याचा टँकर चालवायचा आणि मोठ्या भावासमोर खाटेवर बसायचा नाही.

"मी जाऊन येते रतनसरला. पालकांना एक दिवस पाहुणे म्हणून बोलावलंय. हॉटेल दाखवणार, जेवण देणार, संध्याकाळी पाचपर्यंत फॉर्म घेणार."

"मला सांगू नकोस."

"जेठसांना त्यांच्या ऑफिसात भेटते. चार माणसांसमोर नाही म्हणायला जड जाईल त्यांना."

"अगं, सांगू नकोस म्हटलं ना! मला कळलं तर दादांशी खोटं बोलावं लागेल. आत्ता मला काही माहीत नाही." मग कूस बदलून म्हणाला, "सहाची बस घे. आठची थांबे फार घेते."

बसमधून उतरेपर्यंत धापूने घुंगट मागे टाकला होता. परक्या गावात कुणापासून झाकायचं? उगम आणि इतर मुलींना मागच्या दाराने नऊला हजर व्हायचं होतं. ती पुढे गेली. पालकांनी मात्र समोरच्या मोठ्या दरवाजाने यायचं होतं, कारण पत्रात लिहिलं होतं, 'आज आपण आमचे राजे आहात.' राजे म्हणून आलेल्यांत धापू, एक शिंपी, दोन शेतकरी आणि एक पोस्टमन होता. शिंप्याने राजासारखं दिसावं म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला होता आणि तो पोस्टमनच्या कोपराला धरून चालत होता.

दरवाजात एक माणूस उभा होता. माणूस म्हणजे आधी मिशा, मग माणूस. दोन्ही गालांवर सुतळीच्या वेटोळ्यासारख्या गुंडाळलेल्या, टोकं कानामागे. डोक्यावर पाच रंगांचा साफा, अंगात जरीचा अंगरखा, कमरेला तलवार. त्याने कमरेतून वाकून हात जोडले आणि नाटकातल्यासारखा आवाज लावला.

"खम्मा घणी, हुकम! पधारा! केसरनिवास आपलं घर समजा!" आणि त्याने अंगठ्याने धापूच्या कपाळावर कुंकवाचा टिळा ओढला.

अठ्ठावीस वर्षांत एवढ्या मोठ्या वयाचं कुणी धापूपुढे वाकलं नव्हतं. तिला एकदम हसू आलं.

"अहो भाऊ, या मिशांना खायला काय घालता?"

"बदामाचं तेल, बाईसा," मिशावाला सराईतपणे म्हणाला, "आणि पाहुण्यांचं प्रेम!" आणि त्याने मिशीचं एक वेटोळं सोडून हातभर लांब ताणून दाखवलं.

धापू दात दिसतील इतकी मोकळी हसली. मिशावालाही हसला. हसताहसता खोकला.

धापूचं हसणं तिथेच थांबलं. डोळे आपोआप खाली गेले, जिथे ते त्या खोकल्याबरोबर अठ्ठावीस वर्षं जात आले होते. जरीच्या अंगरख्याखाली, हॉटेलच्या कडक सुरवारीखाली, डाव्या मोजडीवर, अंगठ्याच्या हाडाजवळ सात हिरवे टाके होते.

तिने घुंगट असा ओढला की बाजूच्या शिंप्याच्या तोंडावर ओढणीचं टोक बसलं. आतल्या अंधारात ती आपले गुन्हे मोजायला लागली. जेठाला तोंड दाखवलं. जेठाशी बोलले. जेठाला भाऊ म्हटलं. मिशांची चौकशी केली. जेठाची सावली पडली तरी सून अंग चोरते, इथे तर जेठाचा अख्खा अंगठा कपाळावर!

आणि जेठसांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्यांनी तरी तिचा चेहरा कुठे पाहिला होता?

"लाजलात, बाईसा?" ते म्हणाले. "फोटो काढायचा का? सगळे काढतात."

धापू पळाली.

आत हॉटेल दाखवायला तान्या नावाची जयपूरची पोरगी होती. तिने पालकांना गारेगार सरबत दिलं आणि इतिहास सांगायला सुरुवात केली. महाल मोठ्या दुष्काळात बांधला. लोक उपाशी होते म्हणून राजांनी दयेने त्यांना काम दिलं.

"दुष्काळात धान्य वाटलं असतं तर?" पोस्टमनने विचारलं.

"मग हॉटेल कुठे राहिलं असतं?" तान्या म्हणाली. पोस्टमनला ते पटलं.

मग सगळे जनानखान्यात गेले. दगडी जाळीच्या खिडक्या होत्या, प्रत्येक भोक बोराएवढं.

"इथून राण्या बाहेरचं जग बघायच्या. त्यांना कुणी बघू शकत नसे. किती रोमँटिक, नाही?"

"खाली बघता यायचं का?" धापूने घुंगटातून विचारलं.

"खाली? का?"

"पाय ओळखायला."

तान्याने हे लिहून घेतलं. तेवढ्यात दोन गोरे पाहुणे येऊन तान्याच्या कानाशी काही बोलले. ती धापूकडे वळली. "मावशी, ते विचारतायत, तुम्ही संध्याकाळच्या कार्यक्रमात असता का? घुंगट फार खरा वाटतो म्हणतात."

"सांग त्यांना, अठ्ठावीस वर्षं रोजचा खेळ आहे. सुट्टी नाही."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणाचं टेबल हौदाच्या काठी होतं. पांढऱ्याशुभ्र मोठ्या ताटलीच्या मधोमध चमचाभर केर-सांगरीची भाजी, तिच्यावर एक फूल, शेजारी रुपयाएवढी बाजरीची भाकरी. धापूची आजेसासू दुष्काळात या सांगरीच्या रानटी शेंगांवर जगली होती आणि पुढे जन्मभर तिने सांगरीचं नाव काढू दिलं नव्हतं. कार्डावर लिहिलं होतं, 'मरुभूमीचा मेवा.' शिंप्याने फूल आधी खाल्लं.

धापूला घास जाईना. जेठसांसाठी म्हणून आणलेलं गाठोडं तिच्या मांडीवर होतं: खरे रोटले, काचरीची चटणी, गूळ. आणि मांडीवरच, गाठोड्याखाली, फॉर्म. जेठसा नाही का म्हणाले ते तिला आता लख्ख दिसत होतं. हॉटेलात वाईट काही चालत नव्हतं. हॉटेलात जेठसा चालत होते. पोरगी इथे आली की रोज त्यांना वाकताना बघणार. हे ती गावात बोलली तर जेठसांची ओसरीवरची खुर्ची जाणार. न बोलली तर पाच वाजता उगमची जागा जाणार. रडकुंडीला येऊन तिने गाठोड्याची गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली. मग उठली आणि ताटल्या नेणाऱ्या बाईला विचारलं, "दारावरचे मिशावाले जेवायला कुठे बसतात?"

"दाता? आम्ही सगळे त्यांना मान म्हणून दाताच म्हणतो. मागे, हत्तीखान्यात. मिशी बांधून जेवतात, हसू नका हं."

हत्तीखान्यात आता हत्ती नव्हते, सिलिंडर होते. छत पेलणारे जाड दगडी खांब तेवढे उरले होते. एका खांबापलीकडे पालथ्या खोक्यावर कुणीतरी जेवत होतं. धापूने घुंगट गुडघ्यापर्यंत ओढला, खांबाच्या अलीकडे उभी राहिली आणि घसा खाकरला.

"हे खांबा, जेठसांना सांग, खारियाबासहून रोटला आणि काचरीची चटणी आलीय."

पलीकडे चावण्याचा आवाज थांबला. मग खोकला.

"खांबा... विचार, कोण आहे?"

"सांग, छोटी बीनणी."

खोकं करकरलं. काहीतरी घाईघाईने डोक्यावर चढलं, तलवार सिलिंडरवर आपटली.

"खांबा, बीनणीला सांग, मॅनेजरला कधीकधी नोकराचे कपडे घालून फिरावं लागतं. तपासणी असते. अचानक."

"सांग, कपडे मला कुठे दिसतायत? मला घुंगटातून दोन पाय दिसतात. पाय मॅनेजरचेच आहेत."

पलीकडून सुटकेचा श्वास आला. पण मध्येच अडकला.

"विचार... ती सकाळी आली ती मागून? की दरवाजातून?"

"दरवाजातून."

खांबापलीकडचे पाय एकमेकांवर चढले, उतरले. "दरवाजात कुणी भेटलं का?"

"एक मिशावाला होता. त्याने टिळा लावला."

"अरे देवा! म्हणजे... खांबा, विचार, तो कोण होता?"

"सांग, परका होता. ओळखीचा असता तर मी घुंगट घेतला नसता का? मला काय रीतभात नाही?"

मग खांबापलीकडून एक हात आला आणि गाठोडं उचलून घेऊन गेला. धापूने लगेच त्या हाताच्या वाटेवर फॉर्म आणि पेन ठेवलं. हात परत आला, थबकला, आणि फॉर्मही घेऊन गेला.

"पालकाचे नाव," जेठसा वाचू लागले. "नाते. हुद्दा. कामाचे ठिकाण." पेनचं टोपण निघाल्याचा आवाज झाला. मग परत लावल्याचा. "खांबा, विचार, हा कागद पुढे कुणाकडे जाणार?"

"मॅनेजर साहेबांकडे."

"हं."

"म्हणजे जेठसांकडेच," धापू गरीबपणे म्हणाली.

"हो, हो. माझ्याकडेच." पेन पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. हुद्द्याच्या रकान्याशी ते चांगले पाच मिनिटं झुंजले असावेत. शेवटी कडक आवाज आला, ओसरीवरच्या खुर्चीतला. "खांबा, बीनणीला समजावून सांग. पालक म्हणजे आई-बाप. आम्ही मोठी माणसं आशीर्वाद द्यायला असतो, असल्या कागदांवर सह्या करायला नाही. सही आईने करायची."

"सांग, जेठसांनी घरी नको म्हटलं होतं."

"तेव्हा इथली व्यवस्था बरोबर नव्हती. आता मी सुधारून घेतलीय."

"सांग, माझ्या शब्दाला घरात कोण विचारतं? जेठसांनी त्यांच्या भावाला फोनवर सांगावं."

पलीकडे फोनची बटणं वाजली. "मगा? मी बोलतोय. उगमला इथे घ्यायचं मी ठरवलंय. हो, मीच. सही बीनणी करेल, माझा हुकूम आहे. तू मध्ये बोलू नकोस..."

"ए मिशा!" बाहेरून कुणीतरी खच्चून ओरडलं. "गाडी आली! चाळीस पाहुणे आहेत, साफा घाल नि पळ!"

धापूने ओढणी दोन्ही कानांवर घट्ट दाबून धरली, पलीकडून दिसेल अशी.

"हां, मगा, ठेवतो," जेठसा फोनमध्ये म्हणाले. "मीटिंगला बोलावतायत." फॉर्म खांबाच्या अलीकडे परत आला. हिरवे टाके लगबगीने निघाले, दोन पावलांवर थांबले. "खांबा, काचरीची चटणी चांगली झालीय म्हणावं." आणि पळाले.

उगम ऑफिसबाहेर पिठाने भरलेल्या हातांनी उभी होती. धापूने तिला भिंतीशी ओढलं.

"माँसा, सही झाली?"

"मीच करायचीय. ऐक. इथे यायचं ते मागच्या दाराने, जायचं ते मागच्या दाराने. पुढच्या दरवाजाकडे चुकूनसुद्धा फिरकायचं नाही. का ते विचारू नकोस."

उगमने आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाबोसांना टिळा लावताना पाहिलंस?" थोरल्या काकांना ती बाबोसा म्हणायची.

"तुला माहीत आहे?"

"माँसा, हॉटेलच्या जाहिरातीत त्यांचाच फोटो आहे. गावातल्या सगळ्या पोरांच्या मोबाइलवर आहे."

"मग आजवर कुणी बोललं कसं नाही?"

"साबण बंद झाले असते ना."

ऑफिसातल्या कारकुनाने फॉर्म घेतला. धापूने आपलं नाव लिहिलं. तिला सही येत होती, उगमनेच शिकवली होती. आजवर ती कुठे करायची वेळ आली नव्हती, म्हणून जरा मोठीच झाली आणि शेजारच्या रकान्यात गेली.

"एक राहिलं," कारकून म्हणाला. "या हॉटेलात तुमचं कुणी नातेवाईक कामाला आहे का? नियम आहे, विचारावं लागतं."

उगमने हातावरचं पीठ खरवडायला घेतलं. धापूने विचार केला.

"चेहऱ्याने ओळखते असं कुणी नाही," ती म्हणाली.

कारकुनाने 'नाही' लिहिलं आणि शिक्का मारला.

सगळे राजे सव्वापाचला परत निघाले. मोठ्या दरवाजात जेठसा ताठ उभे होते. बाजूला सुपरवायझर हातात यादी घेऊन बघत होता, कारण जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वाकून निरोप द्यायचा हा हॉटेलचा नियम होता. पोस्टमन गेला, ते वाकले. शिंपी गेला, वाकले; तो चष्म्याशिवाय तलवारीला नमस्कार करून गेला. मग घुंगट घेतलेली धापू आली.

जेठसांचे पाय जागच्या जागी चुळबुळले.

"ए, पाहुण्या चालल्यात!" सुपरवायझर म्हणाला.

जेठसा वळले. धापूकडे पाठ करून, दरवाजाच्या दगडी खांबाकडे तोंड करून, कमरेतून पूर्ण वाकले. "खम्मा घणी, हुकम," ते खांबाला म्हणाले. "पुन्हा पधारा."

"हे काय नवीन?" सुपरवायझर ओरडला. लगेच मागून दोन गोऱ्या पाहुण्यांनी फोटो काढले, तेव्हा तो गप्प झाला.

धापू थांबली. घुंगटाच्या काठाखाली डावी मोजडी होती. दिवसभर उभं राहून सातातले दोन टाके सुटले होते आणि हाड पुन्हा बाहेर डोकावत होतं.

"हे खांबा," ती म्हणाली, "जेठसांना सांग, मोजडी या खेपेला घरी ठेवून जा. तपकिरी दोरा आणलाय."